भाई नेरूरकर तिथलं पाणी पीत नाहीत

हॉटेलात जाताना माणसं खिशात पैसे घेतात, फार तर पोराटोरांसाठी एखादी बाटली. आमच्या वरच्या मजल्यावरचे भाई नेरूरकर फिरकीचा तांब्या घेऊन जायचे. चांगला पितळी, घट्ट फिरकीच्या झाकणाचा, आत घरचं पाणी. दर गुरुवारी संध्याकाळी काशीयात्रेला निघाल्यासारखे ते हा तांब्या उजव्या हातात धरून जिना उतरायचे आणि आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या पोर्तुगीज हॉटेलात जाऊन बसायचे. तिथे भरपेट जेवायचे. सूप, मासे, पाव, काही वर्ज्य नाही. पाणी मात्र तांब्यातलं. हॉटेलच्या तेरेझाबाईंनी टेबलावर ठेवलेला काचेचा जग ते एका बोटाने असा लांब सारायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत पाल पडली आहे.

मला ह्याचा संताप यायचा. अजून येतो, म्हणून तर लिहायला बसले.

मस्कतमध्ये अल् घुब्राला आम्ही राहायचो तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायचे, त्यामुळे बिल्डिंगमध्ये सगळे मला टीचरच म्हणायचे, अगदी माझा नवरासुद्धा. गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकाला सुट्टी द्यायची आणि ‘कासा तेरेझा’मध्ये जेवायचं, हा आमच्या घरचा नेम होता. लाँड्री आणि सिमेंट-रंगाचं दुकान ह्यांच्या मधे दाबून बसवलेली ती जागा. पाच-सहा टेबलं, निळ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर घरचेच वाटावेत असे फोटो. तेरेझाबाईंचा नवरा बंदरावर क्रेनच्या कामाला म्हणून आला होता. तो वारला, बाई राहिल्या. एका ओमानी अर्बाबाच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, नावावर लायसन काढून त्यांनी ही खानावळ थाटली. हो, खानावळच. मेनूकार्ड वगैरे नावाला. बाई आज जे करतील ते आपण खायचं, आणि टाकलं तर बोलणी ऐकायची. पगारदार माणसाला परवडेल असं आणि आईच्या हातचं वाटेल असं दुसरं हॉटेल मला त्या शहरात मिळालं नाही.

अशा सोन्यासारख्या जागी हा तांब्या.

बरं, भाई काम काय करायचे, तर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. म्हणजे अल् घुब्राच्या ज्या नळातून तेरेझाबाई जग भरत, त्या नळाला पाणी सोडणारे हेच. मी एकदा न राहवून म्हटलं, अहो भाई, हे पाणी तुम्हीच तर केलंत. त्यावर शांतपणे तांब्याची फिरकी उघडत म्हणाले, “आमच्या गेटातसून भायर पडला की ता माजा नाय.” ते कुडाळकडचे. एरवी आमच्याशी पुस्तकात असावं तसं शुद्ध बोलायचे, पण राग आला की मालवणी. आणि राग त्यांना सदाच आलेला असे.

राग पोर्तुगीजांवर. तोही आजकालचा नाही, चांगला चारशे वर्षं मुरलेला. नेरूरकरांचं घराणं मूळचं गोव्याचं. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून पूर्वजांनी कुळदेवाची मूर्ती उचलली आणि खाडी ओलांडून वर आले. हे सांगताना भाईंचा आवाज असा व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सामान अजून उतरवायचं आहे. “ह्येंनी आमच्या विहिरींत पाव टाकल्यानी, टीचर. पाव टाकून गावच्या गाव बाटवल्यानी. मी ह्येंचा पाणी पिऊ?” आणि हे बोलता बोलता हात कशात, तर तेरेझाबाईंच्या पावाच्या टोपलीत. एक टोपली संपली की दुसरी मागवायचे. मी म्हटलं, मग हा पाव कसा चालतो? तर म्हणे, “पाव भायर असलो तर चलता. पाण्यात नको.”

मी गणिताची बाई. माझ्या डोक्यात हे बसत नसे.

जुन्या मस्कतकडे गेलं की समुद्रावर पोर्तुगीजांनी बांधलेले किल्ले दिसतात. भाई गाडीतून त्यांच्याकडे असे बघायचे की किल्लाच ओशाळावा. ओमानी लोकांनी पोर्तुगीजांना तिथून हाकलून दिलं, ह्याचं त्यांना भारी कौतुक. टॅक्सीत बसले की ड्रायव्हरला त्याबद्दल शाबासकी द्यायचे. तो बिचारा इन्शाल्ला म्हणून मीटर नसलेली गाडी पुढे हाकायचा.

एकदा माझ्या नवऱ्याला अवदसा आठवली. त्याने जेवता जेवता सांगितलं की मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, काजू हे सगळं आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलं. भाईंचा घास हातात राहिला. बटाटा त्यांनी पोर्तुगीजांना सोडला. टोमॅटोही सोडला. मिरचीवर जरा घुटमळले. पण काजू? कुडाळच्या माणसाला तुम्ही सांगता काजू पोर्तुगीजांचा? “मग त्येच्याआधी आमी काय खाय होतो? धोंडे?” एवढं बोलून ते तांब्या उचलून चालते झाले, आणि पुढचा आठवडाभर माझ्या नवऱ्याला जिन्यात बघून न बघितल्यासारखं करत राहिले.

आणि इतकं असून दर गुरुवारी हजर. आमच्या आधी. टेबलही ठरलेलं, भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोच्या समोरचं. खाडी, तिच्यात रंगवलेल्या लांब होड्या, मागे पांढऱ्या शुभ्र मिठाचे ढीग. खाली फ्रेमवर गावाचं नाव, आवेरो. तेरेझाबाईंचं माहेर. आम्ही दारात दिसलो की भाई हात करून बोलवायचे, म्हणजे दुसरीकडे बसायची सोय नाही. मग बसायचं आणि दोन तास त्यांचा संताप ऐकायचा. होड्या बैलपोळ्याच्या बैलासारख्या कशाला रंगवायच्या? मीठ आमच्या शिरोड्याला होत नाही काय? ती हिरव्या पाल्याची आणि बटाट्याची आमटी आली की म्हणायचे, हे तर आमचं अळूचं फतफतं. भाजलेल्या तारल्या आल्या की म्हणायचे, आमच्याकडे ह्या मांजर खातं. आणि तो खारवून वाळवलेला त्यांचा मोठा मासा, बाकल्याव, तो आला की नाक मुरडून, “वास खाऱ्या बांगड्याचा आणि तोरा गव्हर्नरचा.” मग पहिल्यांदा वाढलेलं संपवून पुन्हा मागवायचे.

हेही मी सोसलं असतं. पण ते तेरेझाबाईंची उलटतपासणी घ्यायचे, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे भांडण जोरात. हा मासा तुमच्यात घरी रोज करतात का? सासू करते की सून? नव्या सुनेला आल्या आल्या काय करायला लावतात? सगळे जेवल्यावर जेवायला लावतात का? भात खायची सवय असलेल्या माणसाचं तुमच्याकडे पोट कसं भरतं? हिवाळ्यात घरात शेगडी असते का? नसते? भिंती ओल्या होतात? मग माणसं आजारी पडत नाहीत? “बघा टीचर, घरात शेगडी नाही ह्यांच्या, आणि जग जिंकायला निघाले.”

परक्या बाईला, तिच्याच हॉटेलात, तिच्याच हातचं खात हे असले प्रश्न. तेरेझाबाई कमरेवर हात ठेवून उत्तरं द्यायच्या. आमच्याकडे सासू-सून दोघी मिळून करतात, सेन्योर. आमच्याकडे सगळे एकत्र बसतात, सेन्योर. थंडी वाजली तर आम्ही अंगावर घेतो, सेन्योर. सेन्योर म्हणताना दात असे आवळायच्या की मला पुढचा शब्द शिवी येतो की काय असं वाटे.

सगळ्यात वाईट व्हायचं ते शेवटी. तेरेझाबाई नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी वाटीभर ऑलिव्ह द्यायच्या आणि जेवण झाल्यावर भाताची खीर. घट्ट, लिंबाच्या सालीचा वास, वर दालचिनीच्या पुडीने काढलेली नक्षी. ह्याचे पैसे नसायचे. बाईंचा तो मान होता. आमची ईशा तर त्या खिरीसाठीच यायची. भाई ऑलिव्हची वाटी परत करायचे आणि खीरही परत करायचे. “फुकटचा नको माका.” बाई म्हणाल्या, बिलात लावते. तर नको, कारण त्यांना कळायचं की लावणार नाहीत. पाव मात्र बिलात लागला आहे ना, हे डोळ्यांनी बघून घ्यायचे. जे विकत मिळतं ते खायचं, आणि जे कोणी प्रेमाने देईल ते परत करायचं, हा कुठला न्याय? खिरीची वाटी आत परत नेताना बाईंचा चेहरा पडायचा, तो मला बघवत नसे.

ईशा तेव्हा चौथीत. तिचं मराठी तेवढ्यास तेवढं. एकदा तिने भाईंना सरळच विचारलं, “भाईकाका, तुम्ही तुमचं वॉटर का ब्रिंग करता?” भाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला स्वतःच्या ताटातली तारली काटे काढून दिली.

आता ह्या सगळ्याला बिल्डिंगने एक कारण लावलं होतं, आणि ते मलाही पटलं होतं. भाईंची एकुलती एक मुलगी अंजू. माझी विद्यार्थिनी. गणितात कच्ची, चित्रात हुशार, हसली की वर्ग हसायचा. पुण्याला आर्किटेक्चर केलं, पुढे शिकायला कुठे गेली तर पोर्तुगालला. आणि तिथेच मिगेल नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. जगात इतके देश पडले असताना अंजूने नेमका हाच काढला, असं मालतीवहिनी, म्हणजे तिची आई, हसून म्हणाल्या होत्या. भाई नाही हसले. लग्नाला गेले नाहीत, वहिनींनाही जाऊ दिलं नाही. ती माझ्यापुरती खलास, म्हणाले. तिचं नाव ह्या घरात घ्यायचं नाही, तिचा आवाज ह्या घरात नको. आणि त्यानंतर महिन्याभरात भाई पहिल्यांदा तांब्या घेऊन कासा तेरेझामध्ये आले. मुलीचा राग हॉटेलवर काढतात, असं सगळे म्हणायचे. मी म्हणायचे, काढा ना राग, पण जेवून कसला काढता?

मालतीवहिनी कधीच हॉटेलात यायच्या नाहीत. गुरुवारचा उपास. दत्ताचा. मला ते खरं वाटायचं.

एका गुरुवारी ईशाला ताप होता. नवरा दुबईला गेलेला. मी घरीच राहिले. संध्याकाळी थर्मामीटर मागायला वर गेले, तर दार नुसतं लोटलेलं. वहिनी फोनपाशी खाली बसलेल्या, एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना. बोलत होत्या ते आमटीत गूळ कधी घालायचा ह्याबद्दल. समोर ताटली, ताटलीत अर्धी खाल्लेली पोळीभाजी. कुठला उपास आणि कुठलं काय.

फोन ठेवून म्हणाल्या, अंजू होती. दर गुरुवारी करते, हे गेले की.

मी विचारलं, भाईंना माहीत आहे?

“न कळायला काय झालं, टीचर? फोनची वेळ झाली की तेच तांब्या भरायला घेतात.”

मग त्या बसून भडाभडा सांगत राहिल्या. अंजूला दिवस गेले आहेत. सासू चांगली आहे, पण भाषा येत नाही. नोकरी घरापासून जवळ आहे. गाव लहान आहे, खाडीकाठचं. मिठागरं आहेत, रंगीत होड्या आहेत. आवेरो की काय नाव आहे म्हणाल्या.

मी थर्मामीटर घेऊन जिना उतरले आणि मधल्या पायरीवर उभीच राहिले. म्हणजे हा माणूस दर गुरुवारी लेकीच्या सासरच्या फोटोसमोर बसून जेवतो. नव्या सुनेला काय करायला लावतात, हिवाळ्यात शेगडी असते का, भात मिळतो का, हे सगळं ह्याला कुणाबद्दल हवं होतं ते आता कळलं. तिथल्या एका बाईला महिनोन्‌महिने खोदून खोदून विचारतो, आणि इकडे त्याच वेळी घरात वाजणारा फोन घेत नाही. मला भाईंची दया आली असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. माझं डोकं फिरलं. अहो, एवढी माया आहे तर ती तिच्या कानावर जाऊ दे की. तिकडे ती पोर पोटुशी, बापाच्या एका शब्दासाठी झुरतेय, आणि बाप इथे तारल्यांना नावं ठेवतोय.

पुढच्या गुरुवारी मी ठरवूनच गेले. सूप येईपर्यंत गप्प बसले. मग म्हटलं, भाई, पाण्याचं राहू द्या. मालतीवहिनी बाळंतपणाला जायचं म्हणतायत. तुम्हीही जा. रजा तुमची पडून आहे.

भाईंनी फोटोकडे बघितलं, मग ताटाकडे. माझा नवरा टेबलाखालून मला पाय मारत होता, पण मी आता थांबणार नव्हते. म्हटलं, ती माझी विद्यार्थिनी आहे, मला ओळखते, तिने तुम्हाला बोलावलं नसेल असं मी मानणार नाही.

मला वाटलं होतं चारशे वर्षांचा इतिहास सुरू होईल. पण भाई अगदी हळू बोलले.

“बोलवल्यान. तिकीट पाठवतंय म्हणालली. मीच गेलंय नाय. लेकीच्या लग्नाक गेलंय नाय, टीचर. आता खयच्या तोंडान जाव?”

तेरेझाबाई लांबून बघत होत्या. त्यांनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत थोडक्यात सांगितलं, ह्यांची मुलगी तुमच्या आवेरोला असते. इतके दिवस हे प्रश्न का विचारले जातायत हे बाईंनाही त्या क्षणी कळलं असणार. आत जाऊन त्यांनी खीर आणली आणि भाईंच्या पुढ्यात ठेवली. भाईंनी ती परत केली. त्या दिवशीसुद्धा. असा हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही.

शेवटी वहिनी एकट्या निघाल्या. आढेवेढे न घेता भाईंनी त्यांचं सगळं करून दिलं, व्हिसा, तिकीट, गरम कोट. पण स्वतः नाही म्हणजे नाही. बॅग भरायला मी गेले होते. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, बाळाची दुपटी, कोकमं, आणि त्यातच सुक्या बांगड्यांचं पुडकं. मी म्हटलं, अहो, त्यांच्याकडे खाऱ्या माशांचा तोटा नाही. वहिनी ऐकेनात. बोलत बोलत म्हणाल्या की आपल्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खात-पीत नाहीत, जुने लोक तर तिच्या सासरच्या गावाचं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचे नाहीत. मी आई, मला सगळं माफ, म्हणाल्या, पण ह्यांना कोण सांगणार. मी तेव्हा बॅगेवर बसले होते आणि माझं सगळं लक्ष चेनकडे होतं.

वहिनी गेल्यावर घरात फोन येणार कुणाला? तरी भाई गुरुवारी ठरल्या वेळेला तांब्या घेऊन खाली उतरायचे. एवढा फरक पडला होता की आता प्रश्न विचारत नसत. नुसते फोटोकडे बघत जेवायचे. तेरेझाबाईच आपण होऊन सांगायच्या. आता तिकडे थंडी कमी झाली असेल, सेन्योर. ह्या महिन्यात चांगले मासे येतात, सेन्योर. भाई मान हलवायचे. आणि जग लांब सारायचे. मी जगाकडे बघायचे आणि माझं पित्त खवळायचं. म्हटलं, ह्या माणसाला देवसुद्धा पाणी पाजू शकणार नाही.

मग तो गुरुवार आला. आम्ही नुकते बसलो होतो. भाईंनी तांब्याची फिरकी उघडून ठेवली होती, पेल्यात ओतायचं बाकी होतं. काउंटरवरचा फोन वाजला. तेरेझाबाईंनी उचलला, आणि त्यांच्या भाषेत अशा काही सुरात बोलायला लागल्या की हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. अंजूच्या सासूचा फोन होता. हॉटेलचा नंबर मालतीवहिनींनी जाताना नेला होता. तो त्यांना भाईंनीच दिला होता, हे मला मागाहून कळलं.

बाई एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने रिसीव्हर आमच्या टेबलाच्या दिशेने ताणत होत्या. वायर पुरत नव्हती. “सेन्योर, मुलगी. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तुमची अंजू लाइनवर आहे.”

भाई बसूनच राहिले. हात तांब्यावर. आता नाही उठला हा माणूस, तर हाच तांब्या ह्याच्या डोक्यात घालायचा, असं माझं ठरलं होतं. तेवढ्यात ते उठले. काउंटरपाशी गेले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिकडून ती काहीतरी बोलत असावी, किंवा रडत असावी. पांढरा शर्ट, वाकलेले खांदे. मग एवढंच ऐकू आलं.

“जेवलंस गे?”

आणखी काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. माझंच मला काही दिसत नव्हतं. नवऱ्याने कागदी नॅपकिन माझ्या हातात कोंबला.

भाई परत आले. खुर्ची ओढून बसले. तांब्याचं झाकण घेतलं, फिरकी गच्च आवळली आणि तांब्या टेबलाखाली पायाशी ठेवून दिला. मग मघाशी दूर सारलेला तो काचेचा जग स्वतःच्या हाताने जवळ ओढला. तेरेझाबाई काउंटर सोडून पुढे आल्या होत्या. भाईंनी त्यांच्याकडे बघून विचारलं, पिऊ? विचारलं मालवणीतच, पण बाईंना कळलं. त्यांनीच ग्लास भरला.

“नात झाली,” भाई मला म्हणाले. “आता लेकीच्या गावचा पाणी चलता.”

बॅगेवर बसून ऐकलेलं वहिनींचं बोलणं मला तेव्हा आठवलं. आणि माझे वडील आठवले. मी लग्न करून नाशिकला गेले तेव्हा ते मला भेटायला यायचे, तासभर ओसरीवर बसायचे आणि बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी पिऊन परत जायचे. ईशा झाली त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी आपल्या हाताने माठातलं पाणी घेतलं होतं. खलास, नाव घेऊ नका, म्हणणाऱ्या ह्या माणसाने अंजूचं सासर पहिल्या दिवसापासून मानलं होतं. तिकडे पाऊल टाकायला तोंड नव्हतं, म्हणून गल्लीच्या टोकाला तिच्या गावचं एक घर शोधलं आणि बापाने पाळायचं ते सगळं तिथे पाळलं. विकत घेतलेलं खाल्लं, पाहुणचाराचं काही घेतलं नाही. हे सगळं माझ्या समोर चाललं होतं, आणि एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, ह्याचा मला आजही राग आहे.

भाई ग्लास तोंडाला न लावता वरून प्यायले, आपल्याकडे पितात तसे. एका दमात. पुन्हा भरून घेतला. तोही प्यायले. गळ्याशी शर्ट भिजला. मग म्हणाले, बाई, ती खीर आहे का? तेरेझाबाई जवळजवळ धावतच आत गेल्या आणि वाटी नाही, भांडंच घेऊन आल्या. भाईंनी चमचाभर तोंडात घातली, बराच वेळ घोळवली, आणि डोळे पुसत म्हणाले, साखर कमी आहे. ईशाने स्वतःची वाटी त्यांच्या वाटीला चिकटवून ठेवली आणि दोघं खायला लागले.

पुढच्या महिन्यात भाई आवेरोला गेले. नात झाली त्या रात्री मात्र आम्ही सगळे मिळून घरी निघालो, तेव्हा ते दारात एकदम थांबले. मला वाटलं तांब्या विसरला. तांब्या हातात होता. मागे वळून त्यांनी टेबलावरच्या रिकाम्या जगाकडे बघितलं आणि मला अगदी गुपित सांगावं तसं सांगितलं.

“पाणी बरा आसा, टीचर. आमच्याच प्लांटचा.”